न सुटणारा स्क्रू

घरात एखादी तरी खुर्ची अशी असतेच, की तिच्यावर बसले की ती कुरकुरते. आपण तिला उलटी करतो, ढिला झालेला स्क्रू घट्ट पिळतो, आणि महिनाभराने कुरकुर पुन्हा सुरू होते. मधल्या काळात त्या स्क्रूला कुणी हातही लावलेला नसतो. शेवटी सुतार येतो, भोकात आगपेटीच्या दोन काड्या कोंबतो आणि त्यावर स्क्रू पिळतो. तेव्हा कुठे थोडे दिवस निभावते.

कुणीही न फिरवता स्क्रू ढिला होतो कसा? उत्तर साधे आहे. बसताना-उठताना खुर्चीचा पाय केसभर हलतो. प्रत्येक हालचालीत स्क्रू भोकाच्या कडेला थोडेसे चेपतो. भोक मोठे होते, मोठ्या भोकात स्क्रू जास्त हलतो, आणि जास्त हलला की भोक आणखी मोठे होते. हलण्यातून ढिलाई आणि ढिलाईतून आणखी हलणे, असे हे चक्र असते.

हाडांच्या शल्यचिकित्सकांना हेच चक्र माणसाच्या घोट्यात तोडावे लागते. खुर्चीवर माणूस अधूनमधून बसतो. घोट्यावर मात्र चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या घोट्यावर पाऊल उचलण्याच्या क्षणी तीन क्विंटलच्या आसपास! आणि हा भार पेलणाऱ्या जोडात बसवलेले स्क्रू असतात जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचे. ते टिकतात कसे, आणि कधीकधी मोडतात का, हे समजून घेण्यासारखे आहे. ज्यांच्या घरात कुणाच्या पायात रॉड किंवा प्लेट आहे, त्यांना तर याची गरज अधिकच.

चालता सांधा बंद का करायचा?

नडगीचे हाड, त्याच्या शेजारचे बारीक हाड आणि या दोघांच्या खाचेत बसलेले टॅलस नावाचे ओबडधोबड हाड, या तिघांचा मिळून घोटा बनतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते, म्हणून ती एकमेकांवर अलगद सरकतात. ही कूर्चा झिजली की हाडावर हाड घासते आणि प्रत्येक पाऊल वेदनेचे होते. गुडघा बहुधा वयामुळे झिजतो, घोट्याचे तसे नाही. घोट्याची झीज बहुतेकांना जुन्या दुखापतीमुळे होते. वीस वर्षांपूर्वी दुचाकीवरून पडून मोडलेला, नीट न जुळलेला घोटा पन्नाशीत त्रास देऊ लागतो.

औषधे, पट्टे, इंजेक्शने यांचा उपयोग होईनासा झाला की एक मार्ग उरतो. दुखणारी हालचालच बंद करायची, म्हणजे दोन्ही हाडांना जोडून एकच हाड करायचे. याला आर्थ्रोडेसिस म्हणतात. बोलताना सगळे ‘फ्यूजन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नातील शल्यचिकित्सक एडुआर्ड आल्बर्ट यांनी आर्थ्रोडेसिस हा शब्द रूढ केला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सांधा बांधणे’. आता कृत्रिम घोटाही मिळतो. तरीही तरुण, जड कामे करणारा माणूस, पूर्वी जंतुसंसर्ग झालेला पाय किंवा फार वेडावाकडा झालेला घोटा असेल, तर आजही फ्यूजनचाच आधार घेतला जातो.

किंमत मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. फ्यूजननंतर उकिडवे बसणे जवळपास संपते. चढावर आणि जिन्यावर पाऊल वेगळे पडते. पुढच्या वर्षांत टॅलसच्या खालच्या सांध्यावर जास्त ताण येऊन तोही झिजू शकतो. पण सपाट रस्त्यावर अशी माणसे इतकी सहज चालतात, की बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. अर्थात हाडे खरोखर जुळली तरच. दहांपैकी एकाच्या आसपास रुग्णांत ती जुळत नाहीत, आणि या लेखाचा विषय त्या अपयशाभोवतीच फिरतो.

कणीक, पोळी आणि पापड

स्क्रू हाडे जोडत नाहीत, हे आधी स्पष्ट करू. हाडे जोडते ते शरीर. शल्यचिकित्सक कूर्चेचे अस्तर खरवडून काढतात, खालच्या टणक पापुद्र्याला बारीक छिद्रे पाडतात आणि रक्त झिरपणारी उघडी हाडे एकमेकांना भिडवतात. त्यामुळे शरीराला वाटते की हाड मोडले आहे. मोडलेले हाड जसे जुळते, तशीच इथेही दुरुस्ती सुरू होते.

आधी फटीत मऊ, लालसर पेशीजाल भरते. मग ते कूर्चेसारखे चिवट होते आणि शेवटी त्याचे हाड बनते. या तिन्ही टप्प्यांची ताण सोसण्याची ताकद वेगवेगळी असते. पहिले पेशीजाल भिजवलेल्या कणकेसारखे असते, ओढले तर दुप्पट लांब होईल पण तुटणार नाही. दुसरा टप्पा पोळीसारखा, थोडेसे ताणून घेतो. तिसरा वाळलेल्या पापडासारखा, जरा वाकवला की कड्कन मोडतो.

स्वित्झर्लंडमधील स्टेफान पेरेन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेला आकडे दिले. फटीत जी हालचाल होते, तिला फटीच्या रुंदीने भागायचे. जे उत्तर येते तो त्या फटीतल्या पेशींवरचा ताण. मऊ पेशीजाल १०० टक्क्यांपर्यंत ताण सोसते, कूर्चा सुमारे १० टक्के, हाड जेमतेम २ टक्के. ताण २ टक्क्यांच्या वर राहिला तर तिथे हाड बनूच शकत नाही. बनायला लागते आणि मोडते, बनायला लागते आणि मोडते. कित्येक महिन्यांनी पाहिले तर फटीत हाडाऐवजी दोरखंडासारखे चिवट धागेदार ऊतक भरलेले सापडते.

चौकट : फटीचे गणित
फट ५ मिलिमीटर, हालचाल ०.१ मिलिमीटर : ताण २ टक्के
फट १ मिलिमीटर, हालचाल ०.१ मिलिमीटर : ताण १० टक्के
फट ०.१ मिलिमीटर, हालचाल ०.१ मिलिमीटर : ताण १०० टक्के
हाड बनण्यासाठी मर्यादा : सुमारे २ टक्के

हे गणित पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चमकलो होतो. आपल्याला वाटते, फट जितकी बारीक तितके चांगले. पण हालचाल तेवढीच राहिली तर बारीक फटीतला ताण उलट प्रचंड वाढतो, कारण सगळी हालचाल थोड्याशा पेशींना सोसावी लागते. म्हणून रुंद फट ठेवावी असेही नाही. तेवढे अंतर भरून काढायला शरीराला फार कष्ट पडतात. मग दोन हाडे एकदा जवळ आणली की ती नुसती जवळ असून भागत नाही. ती एकमेकांवर दाबलेली हवीत, कागदाच्या जाडीएवढीही हलता कामा नयेत.

मँचेस्टरचा शिकंजा

दाबाची गोष्ट ठसवली ती मँचेस्टरच्या जॉन चार्नली यांनी. पुढे कृत्रिम खुब्याचे जनक म्हणून ते जगभर गाजले. त्याआधी, १९५१ मध्ये, त्यांनी घोट्याच्या दाबबंद फ्यूजनवर लेख लिहिला होता. पद्धत सुताराच्या कामासारखी होती. नडगीतून एक आडवी सळई, टॅलसमधून दुसरी. चारही टोके पायाच्या बाहेर. दोन्ही बाजूंना शिकंजे लावून ते पिळत जायचे, की वरचे हाड खालच्या हाडावर दाबले जाई.

दाबामुळे हाड जास्त वेगाने वाढते, असा समज त्या काळात रुजला. आज बहुतेक जण वेगळा अर्थ लावतात. दाब वाढीसाठी काही जादू करत नाही, तो घर्षण निर्माण करतो. पुस्तकांच्या गठ्ठ्याला दोन्ही तळहातांनी आडवे दाबून उचलून पाहा. मधल्या पुस्तकांना कुणी धरलेले नसते, तरी ती पडत नाहीत. हात सैल करा, सगळी खाली. दाबलेल्या हाडांचेही तसेच. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागांतले घर्षण त्यांना सरकू देत नाही. चालतानाचा भार मग हाडातून हाडात जातो आणि धातूच्या वाट्याला थोडाच येतो. तीन क्विंटलचे कोडे इथे निम्मे सुटते. स्क्रू एवढा भार स्वतः उचलतच नाहीत, ते हाडांना एकमेकांवर दाबून धरतात आणि हाडे भार उचलतात.

चार्नलींच्या साधनाची एक कमजोरी होती. दोन समांतर सळया आणि दोन शिकंजे, म्हणजे एकाच प्रतलातली चौकट. पाय पिळला गेला तर ती तितकासा विरोध करत नसे. पुढे दाब देण्याचे काम बाहेरच्या चौकटीकडून आतल्या स्क्रूकडे आले.

अर्ध्यावरच आटे

फ्यूजनचा स्क्रू हातात घेऊन पाहिला तर पहिली गोष्ट जाणवते : त्याला पूर्ण लांबीभर आटे नसतात. टोकाकडे आटे, मधला दांडा गुळगुळीत, वर डोके. जाडी साधारण साडेसहा ते सात मिलिमीटर. बऱ्याचदा तो आतून पोकळ असतो, म्हणजे आधी बारीक तार नेमक्या जागी घालून त्या तारेवरून स्क्रू ओवता येतो.

आटे अर्ध्यावरच का, हे कुठलाही सुतार सांगेल. दोन फळ्या घट्ट जवळ आणायच्या असतील तर स्क्रूने फक्त पलीकडची फळी पकडली पाहिजे. अलीकडच्या फळीत तो मोकळा फिरला पाहिजे, म्हणजे डोके त्या फळीला पलीकडे ढकलत नेते. आट्यांनी दोन्ही फळ्या पकडल्या तर मधली फट जशीच्या तशी राहते, स्क्रू कितीही पिळा. घोट्यातही आटे सांध्याच्या रेषेच्या पूर्ण पलीकडे गेले पाहिजेत. दोन आटे जरी अलीकडे राहिले, तरी एक्स-रेमध्ये स्क्रू कितीही देखणा दिसो, दाब मिळत नाही.

पान्ह्याचा दांडा

आता स्क्रू किती आणि कुठल्या दिशेने, हा प्रश्न. इथे पावलाचा आकार महत्त्वाचा ठरतो. घोटा हा बोल्ट समजा, तर घोट्यापासून चवड्यापर्यंतचे पाऊल हा पान्ह्याचा लांब दांडा आहे. चवड्यावर भार आला की जमीन पंजाला वर ढकलते. पान्हा फिरू पाहतो. सांध्याची पुढची बाजू मिटते आणि मागची उघडू लागते. रिक्षातून उतरताना पाऊल जमिनीवर रोवलेले असते आणि शरीर वळते. तेव्हा तोच दांडा घोट्याला पीळ देतो.

एकच स्क्रू घातला तर तो दाब उत्तम देईल, पण त्याच्याभोवती हाड फिरू शकेल. भिंतीत एका खिळ्यावर टांगलेली तसबीर जशी फिरते. दुसरा खिळा ठोकला की फिरणे थांबते. म्हणून कमीत कमी दोन स्क्रू, बऱ्याचदा तीन. प्रयोगशाळांत दान केलेल्या देहांच्या किंवा प्लॅस्टिकच्या हाडांवर यंत्राने भार देऊन, पीळ देऊन अनेकदा पाहिले गेले आहे. समांतर स्क्रूंपेक्षा तिरके, एकमेकांना छेद देणारे स्क्रू पिळाला जास्त विरोध करतात, हे त्यातून ठळकपणे दिसते. मात्र ते सांध्याच्या रेषेवरच एकमेकांना छेदले तर फायदा कमी होतो. तिथे ते एकत्र येऊन एकाच खिळ्यासारखे वागतात. सांध्याच्या रेषेवर त्यांच्यात अंतर हवे, छेद वर किंवा खाली. नडगीच्या मागच्या बाजूने निघून टॅलसच्या पुढच्या मानेत रुतणारा लांब स्क्रू अनेक शल्यचिकित्सकांचा आवडता आहे. उघडू पाहणारी मागची बाजू तो थेट बांधून ठेवतो.

प्लेट वापरली तर ती हाडाच्या कडेला बसते. ज्या बाजूला फट उघडू पाहते त्या बाजूला प्लेट असली तर ती ओढ सोसून फट मिटवते. पण घोट्यात सर्वांत सोपी वाट पुढून असल्याने प्लेट बहुधा पुढे बसवतात, म्हणजे मागच्या बाजूची काळजी वेगळी घ्यावी लागते. म्हणूनच प्लेटच्या जोडीला स्क्रूही घातलेले दिसतात. माझ्या मते सामान्य वाचकाने एक्स-रे पाहताना धातू किती आहे हे मोजू नये. तो कुठल्या बाजूला, कुठल्या दिशेने आहे हे विचारावे. डॉक्टरांना तो प्रश्न आवडेल.

टॅलसखालचा सांधाही झिजलेला असेल तर टाचेतून वर नडगीच्या पोकळीत जाणारा रॉड घालतात. रॉडचे बळ त्याच्या जागेत आहे. भरलेली बादली शरीराला लावून धरली तर सोपी, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. प्लेट भाररेषेपासून दूर असते, रॉड जवळपास त्या रेषेतच. शिवाय जाडीचा हिशेब थक्क करणारा आहे. सळईचे वाकण्याला विरोध करण्याचे बळ जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटर जाडीचा भरीव रॉड म्हणजे ताठरपणा दुप्पट. मग आणखी जाड का नको? कारण रॉडचे वरचे टोक जिथे संपते तिथे ताठ भाग आणि लवचीक हाड यांची सीमा येते, आणि कधीकधी हाड नेमके तिथेच तडकते.

सागवान की पांगारा?

आतापर्यंत धातूचे बोललो. पण स्क्रू जिथे रुततो त्या हाडाची गत काय? सागवानात रुतलेला खिळा आणि पांगाऱ्यात रुतलेला खिळा यांत जो फरक, तोच निरोगी आणि ठिसूळ हाडात. घोट्याजवळचे हाड आतून जाळीदार असते. वय, संधिवात, दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड यांनी ही जाळी विरळ होते. तिथे खोल, रुंद आट्यांचे स्क्रू लागतात, किंवा अशी प्लेट, जिच्या भोकांनाही आटे असतात आणि स्क्रूचे डोके त्यांत अडकून बसते. मग स्क्रू आणि प्लेट मिळून एकच सांगाडा होतो. एकेक स्क्रू सुटा हलून भोक मोठे करू शकत नाही.

टॅलसची आणखी एक अडचण आहे. त्याच्यावर एकही स्नायू चिकटलेला नसतो आणि त्याचा सुमारे साठ टक्के पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो. रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. रक्त कमी म्हणजे जुळायला वेळ जास्त, आणि तितका काळ स्क्रूंना तग धरावा लागतो. धूम्रपान करणाऱ्यांना डॉक्टर इतक्या कळकळीने थांबवतात ते याच कारणाने : त्यांच्यात हाड न जुळण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांची गोष्ट तर फारच काळजीची. दुखले की माणूस आपोआप भार कमी करतो. ज्याला दुखतच नाही तो हलणाऱ्या जोडावर बिनधास्त चालत राहतो. अशा पायांत नेहमीपेक्षा जाड, लांब आणि जास्त साधने बसवतात, ती या हरवलेल्या वेदनेची भरपाई म्हणून.

दाब टिकवायचा कसा?

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मिळालेला दाब तसाच राहत नाही. भिडलेल्या हाडांच्या कडा थोड्या विरघळतात. ताठ स्क्रूखाली हाड अंशभर जरी आखूड झाले तरी दाब निघून जातो. लोणच्याच्या बरणीवर दादरा दोऱ्याने बांधला आणि कापड जरा सरकले, तर दोरा सैल पडतो. रबर लावले तर ते मागोमाग आवळत जाते. धातूंतले असे रबर म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा नितिनॉल हा मिश्रधातू. ताणून सोडला की तो मूळ आकाराकडे परतू पाहतो. काही रॉडच्या पोटात नितिनॉलचा ताणलेला भाग बसवलेला असतो. हाड आखूड झाले की तो आकसतो आणि दाब टिकवतो.

दुसरा मार्ग सायबेरियातून आला. कुर्गान शहरातील गाव्रील इलिझारोव यांनी सायकलच्या चाकासारखी रचना केली : पायाभोवती धातूची कडी, आणि कड्यांत ताणून बसवलेल्या बारीक तारा हाडातून आरपार. एकेक तार दोन मिलिमीटरहूनही बारीक. पण सायकलची तार जशी ताणल्यावरच माणूस पेलते, तसेच इथे. कड्यांमधल्या नटांना रोज थोडा पीळ देऊन दाब पुन्हा वाढवता येतो. इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा वर्षानुवर्षे न जुळलेला पाय १९८० मध्ये कुर्गानला बरा झाला. त्यानंतर ही पद्धत पश्चिम युरोपात पोचली. जंतुसंसर्ग झालेल्या घोट्यात आतमध्ये धातू ठेवणे धोक्याचे असते, तिथे आजही हीच कडी कामाला येतात.

पोलाद मोडते तेव्हा

“स्टीलचा स्क्रू मोडला कसा?” मोडलेल्या स्क्रूचा एक्स-रे पाहून नातेवाईक हेच विचारतात. धातू खोटा होता अशी शंकाही येते. पण लोखंडी तार हाताने तोडायची असेल तर आपण ती ओढत नाही, वाकवत राहतो. एकदा वाकवून काही होत नाही, वीस-पंचवीस वेळा वाकवली की तुटते. हा धातूचा थकवा. तार वाकलेली दिसते तरी, पण स्क्रूला डोळ्यांना न दिसणारे वाकणेही पुरते, लाखो वेळा झाले तर.

दिवसाला ५००० पावले चालणारा माणूस प्रत्येक पायावर २५०० पावले टाकतो. वर्षाची झाली नऊ लाखांहून अधिक. हाड जुळले असेल तर या नऊ लाख पावलांतले वाकणे स्क्रूपर्यंत पोचतच नाही. जुळले नसेल तर प्रत्येक पाऊल स्क्रूवर नोंदले जाते. कापड फाडताना आधी कात्रीने छोटी खाच दिली की ते तिथूनच फाटते. स्क्रूवर अशी खाच जन्मजातच असते : आट्याचा तळ. म्हणून स्क्रू बहुधा आटे जिथे सुरू होतात तिथे किंवा त्यांच्या मुळाशी मोडतो.

तेव्हा हाड आणि धातू यांच्यात ही एक शर्यत असते. स्क्रू थकण्याआधी हाड जुळले पाहिजे. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, अनेकदा जास्त. पहिले सहा ते आठ आठवडे बहुतेक रुग्णांना पाय टेकू देत नाहीत. प्लास्टर, कुबड्या, घरच्यांवर अवलंबून राहणे, हे सगळे जाचक असते. बरे वाटू लागले, दुखणे थांबले की “दोन पावले टाकली तर काय होते” असे मनात येतेच. होते ते असे, की कणकेचा नुकताच पापड होऊ लागलेला असतो आणि त्या दोन पावलांत तो मोडतो. पाय टेकायची परवानगी सीटी स्कॅनमध्ये हाडाच्या रेघा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेल्या दिसल्यावर मिळाली, तर ती खरी परवानगी.

रेघा पार गेल्या की स्क्रूंचे काम संपते. ते आत राहतात, बहुधा आयुष्यभर, कारण काढण्यासाठी पुन्हा चीर घेण्याचे कारण नसते. कुणाला बुटात डोके टोचते, कुणाला पुढे खालच्या सांध्याची शस्त्रक्रिया करायची असते, तेव्हा ते काढावे लागतात. टायटॅनियमचे स्क्रू त्या वेळी डॉक्टरांची चांगलीच परीक्षा पाहतात. हाड त्यांच्या आट्यांत शिरून धातूला बिलगलेले असते. पेचकस लावून पिळले तर कधीकधी डोक्याची खाच झिजून जाते, पण स्क्रू फिरत नाही. मग डोक्याभोवतीचे हाड कोरून तो बाहेर काढतात.